रात्री दात खाणाऱ्यांसाठी नाइट गार्ड – रामबागेतल्या क्लिनिकचा अनुभव

आमच्या ह्यांना झोपेत दात खायची सवय, करकर असा आवाज की शेजारच्याची झोप उडते आणि ह्यांना स्वतःला पत्ताच नाही. सासूबाईंचं एकच, जंत झालेत, औषध दे. पन्नाशीच्या माणसाला कसले जंत! मग सकाळी कानशिलं दुखायला लागली, थंड पाणी झोंबायला लागलं तेव्हा कुठे इंदूरलाच रामबागेतल्या एका डेंटिस्टकडे यायला तयार झाले.

मॅडमनी आधी आरशात दाखवलं, सुळ्यांची टोकं घासून सपाट, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. मग घोरतात का, हे ह्यांना नाही, मला विचारलं! झोपेत श्वास अडकत असेल तर त्याचाही याच्याशी संबंध असू शकतो म्हणे. टेन्शन, सिगरेट, दारू, डिप्रेशनच्या काही गोळ्या, रात्रीचा चहा सगळं विचारलं. चहा म्हटल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून चरून आल्यावर अकरा वाजता चहा लागतो साहेबांना.

मग नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर, सुचवलं. गार्डने सवय जाईलच असं नाही, दात वाचतील, झिजलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, काही परत येत नाही, हे पैसे घ्यायच्या आधी स्पष्ट सांगितलं, ते मला फार आवडलं. पूर्वी ऑनलाइन मागवलेला, गरम पाण्यात मऊ करून चावायचा, तो जाड रबरी, ह्यांना मळमळायचं आणि झोपेतच काढून फेकायचे. हा कडक अ‍ॅक्रिलिकचा, मापाचा. बसवताना दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावलं, जिथे निळा डाग गडद तिथे जरासं घासलं, परत कागद, परत घासणं, अजिबात घाई नाही.

आता करकर बंद. दात अजून खातातच, गार्डवर चरे दिसतात, पण कानशिलं बरीच शांत. दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवा असंही सांगितलंय, ट्रॅफिकमध्ये मी आठवण करते आणि ओरडा खाते.

तक्रार एकच, लॅबमधून गार्ड यायला सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर, फोन केला की रिसेप्शनवरून "कल आ जाएगा". आणि ऑनलाइनवाल्यापेक्षा खूपच महाग. गार्ड गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने वाकडा होतो. संध्याकाळी जाणार असाल तर टू-व्हीलरच न्या, गल्लीत कार लावायला जागा नाही.