रात्री दोनचा मेसेज पहाटे साडेपाचला! (दहा महिने वापरून)

फोन दिवाळीत घेतला. कॅमेरा, स्क्रीन ठीक आहेत. लिहायचंय ते मेसेज उशिरा येतात त्यावर.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून 45 फूट हा धोक्याचा आकडा आमच्या आजीलाही पाठ आहे. म्हणून पाणीपातळी कळवणारं एक साधं ॲप टाकलंय. जुलैत एका रात्री फोन फडताळात ठेवून झोपलो. साडेपाचला उचलला आणि टिंग टिंग टिंग, सात नोटिफिकेशन एका दमात. पहिलं रात्री दोनचं! नदी चढली नव्हती म्हणून निभावलं.

पुढच्या रात्री फोन चार्जिंगला राहिला, तर सगळे वेळेवर. तिथं गोम कळली. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, डोझ नावाचा प्रकार आहे. चार्जर नाही, स्क्रीन बंद, फोन जागचा हलत नाही, असं बराच वेळ झालं की ॲप्सचं नेट तोडतात. मधेमधे थोडा वेळ सोडतात, पण रात्र सरेल तसं ते अंतर वाढत जातं.

मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं. फरक शून्य. कारण बहुतेक ॲप्सचे मेसेज गुगलच्या एकाच सामायिक कनेक्शनवरून येतात, आणि पाठवणाऱ्याने 'हाय प्रायॉरिटी' लावली नसेल तर ते तिकडेच सर्व्हरवर थांबतात. आपण इकडे कितीही दारं उघडा! ॲपवाल्याला ईमेल केला, पुढच्या अपडेटपासून मेसेज वेळेवर येऊ लागले. ऑफिसचं चॅट मात्र स्वतःचं कनेक्शन धरून बसतं, त्याला ह्याच सेटिंगने लगेच गुण आला. हौसेने एकदा सगळ्याच ॲप्सना मोकळीक दिली, तर सकाळी बॅटरी अकरा टक्के उतरलेली. एरवी तीन-चार उतरते.

कंपनीवर राग एकाच गोष्टीचा. मे महिन्यातल्या अपडेटने माझी सगळी सेटिंग्ज न विचारता पूर्ववत केली.

बाबांचा फोनही ह्याच कंपनीचा. त्यांना झाडलोटीची सवय, दिसेल त्या ॲपला 'फोर्स स्टॉप'. तसं केलं की ॲप पुन्हा उघडेपर्यंत त्याचा एकही मेसेज येत नाही. आठवडाभर म्हणत होते, "यंदा पाऊसच नाही वाटतं, काही येईना."