तीर्थनच्या खोऱ्यात पक्षी बघायला: मे, दिवाळी की नाताळ?

नाशिकहून हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, तीर्थन खोऱ्यातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जायचं तर नोकरदार माणसाच्या हातात सुट्टीचे तीनच तुकडे असतात. पार्क तोच, पण पक्षी मात्र तिन्ही वेळी निराळे. पावसाळ्याचा विचारच नको: दरडी, जळवा, धुकं.

यादीत वेस्टर्न ट्रॅगोपॅन (दाट जंगलात राहणारा फेझंट, तिकडचा जुजुराणा) असेल तर मेला पर्याय नाही. नेमकं सांगायचं तर एप्रिलची अखेर आणि मेचा पहिला पंधरवडा. विणीच्या या दिवसांत नर उजाडायच्या आधीपासून करडासारखा ओरडतो. एरवी रिंगल बांबूच्या जाळीत तो दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. अंधारातच जागेवर पोचायचं, आवाजाची दिशा पकडायची आणि तिथेच बसून राहायचं. आवाजाच्या रोखाने चालत गेलात की तो गप्प होतो. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं तर नकोच, वीण बिघडते.

यासाठी चढाई मात्र आहे. तीर्थनकाठच्या गुशैणी गावापासून रोल्लाचा मुक्काम (सुमारे २१०० मीटर), तिथून शिल्टचा (सुमारे ३१००). गुशैणीच जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे आणि शेवटच्या टप्प्यात एका दिवसात हजार मीटर चढावं लागतं. म्हणून एक रात्र गुशैणीत आणि शक्यतो दोन रोल्लाला काढा. शिल्टला डोकं ठणकून मळमळायला लागलं तर गोळी घेऊन झोपू नका, खाली उतरा. मोनाल आणि कोकलास हे दुसरे फेझंट याच पट्ट्यात भेटतात.

नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीला जिच्यावाचून अडतं ती स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण) आणि तिचा ट्रायपॉड घरीच ठेवा. दाट झाडीत ते नुसतं ओझं. दुर्बीण ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) न्या. पहाटेच्या झाडीत १०x४२ पेक्षा तिच्यातून चित्र उजळ दिसतं, आणि धाप लागलेल्या हातात कमी हलतं.

नाताळात गणित उलटं. वर बर्फ, जलोरी खिंड बहुधा बंद, पण उंचावरचे पक्षी खाली उतरलेले. परमिट न काढता गुशैणीच्या आसपास नदीकाठच्या रस्त्याने चालत राहिलं तरी ब्राउन डिपर, प्लंबियस आणि व्हाइट-कॅप्ड रेडस्टार्ट, क्रेस्टेड किंगफिशर मिळू शकतात. वॉलक्रीपरसाठी पाण्यालगतचे उभे कातळ दुर्बिणीने सावकाश चाळा. पक्षी दगडाच्याच रंगाचा, पण पंख सारखे फडफडवत वर सरकतो आणि दर वेळी लाल रंग चमकतो. गुडघे कुरकुरत असतील किंवा सोबत आईवडील असतील तर हीच सहल निवडावी. फक्त थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. कॅमेरा खोलीत नेण्याआधी बाहेरच पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. आणि हो, त्याच आठवड्यात नांदूरला थापटे नि तलवार बदकं भरात असतात, ती हुकणार.

दिवाळी फोटोवाल्यांची. आकाश स्वच्छ, वाटा कोरड्या, गिधाडं आणि लॅमरगायर (दाढीवालं गिधाड) डोक्यावर. जंगल मात्र मुकं. उन्हाळ्यात तिथे गाणारे ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश तोवर सह्याद्रीच्या वाटेला लागलेले असतात. त्यांच्यासाठी कुल्लूला कशाला जायचं? टिट, नटहॅच यांचे मिश्र थवे फिरत असतात. मागे धावू नका, एका जागी वीसेक मिनिटं थांबा, थवा अंगावरून जातो.

एकच सहल परवडणार असेल तर मे. त्याची गाडी मात्र मार्चमध्येच बघा, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीत लगेच भरतं. नाशिकरोडहून दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची बस, बोगद्याआधी औटला उतरायचं, पुढे बंजारमार्गे गुशैणी. पार्कचं परमिट वाटेवरच्या साईरोपा कार्यालयात मिळतं. ओळखपत्राच्या प्रती बरोबर असू द्या. गाइड, तंबू आणि शिधा वाहणारे हमाल यांचं मात्र निघण्याआधीच ठरवून घ्या, मेमध्ये ऐन वेळी माणसं मिळणं कठीण.