सिल्ट की वार्नेम्युंडे? ईस्टरची सुट्टी आणि रिकामा खिसा

मार्च उजाडला की हॅम्बुर्गमध्ये शिकणाऱ्या मराठी मंडळींत हा वाद सुरू होतोच. गुड फ्रायडे ते ईस्टर सोमवार अशी सलग चार दिवसांची सुट्टी असते, खिशात डॉइचलांड तिकीट (देशभर लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा महिन्याचा पास) असतं आणि समुद्र दोन्ही बाजूंना. एकीकडे नॉर्थ सीमधलं सिल्ट बेट, दुसरीकडे बाल्टिकच्या काठावरचं रोस्टॉकजवळचं वार्नेम्युंडे. मी २०२४च्या ईस्टरला सिल्ट केलं, २०२५च्या ईस्टरला वार्नेम्युंडे. दोन्ही वेळा आम्ही तेच चौघं होतो आणि पैशांची बोंब तीच होती.

पोहण्याचा विचार आधीच सोडा. दोन्हीकडे पाणी दहा अंशांच्याही खाली असतं. आमच्यातला नागपूरकर पैजेपायी गुडघाभर पाण्यात गेला आणि मग तासभर मोजे चोळत बसला.

समुद्र म्हणून पाहिलं तर तुलनाच नाही, सिल्ट जिंकतं. वेस्टरलांडला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावाला, पश्चिमेकडून उघड्या समुद्राच्या लाटा येतात, अंगावर खारं उडतं, कान बधिर होतात. स्टेशनाबाहेर हिरव्या रंगाचे अवाढव्य पुतळे उभे आहेत, वाऱ्याने पार तिरपे झालेले. आधी मला तो विनोद वाटला. दहा मिनिटांनी आम्हीही तसेच चालत होतो. मी दापोलीकडचा, त्यामुळे लाटांचा आवाज ऐकून पोटात काहीतरी हललं, हे कबूल करतो. त्यात जाताना हिंडेनबुर्गडाम लागतो. १९२७ साली समुद्रात घातलेल्या अकरा किलोमीटरच्या या बांधावरून गाडी जाते आणि दोन्ही खिडक्यांतून फक्त पाणी आणि चिखल दिसतो. तेवढ्यासाठीही एकदा जायला हरकत नाही.

बाल्टिक त्यामानाने गरीब. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी जेमतेम खारट, लाटा नावापुरत्या. वार्नेम्युंडेच्या वाळूवर पोचल्या पोचल्या नागपूरकर म्हणाला, "काय बे, हे तर आपलं अंबाझरी तळं आहे!" त्याला उत्तर देता आलं नाही.

असं असूनही माझा कौल वार्नेम्युंडेकडे झुकतो. कारण एकच: सिल्टहून परतायचं कसं.

सिल्टला राहणं आम्हाला परवडत नाही, हे गृहीत धरून चला. युवा वसतिगृहं आहेत, पण ईस्टरचे पलंग कधीच गेलेले असतात. मग उरतं सकाळी जाऊन रात्री परत येणं. हॅम्बुर्ग-आल्टोनाहून वेस्टरलांडला सव्वातीन तास, येताना तितकेच. म्हणजे दिवसाचे साडेसहा तास गाडीत गेले, तेही सगळं सुरळीत झालं तर. आम्ही गेलो तो रविवार होता ३१ मार्च. त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे सरकली होती, म्हणजे एक तास घरूनच कमी घेऊन निघालो. वेस्टरलांडला वाळूवर उतरण्याआधी किनाऱ्याच्या शुल्काची दिवसाची पावती फाडावी लागली, तीही कुरकुरत फाडली. आणि तीन वाजले नाहीत तोच कोल्हापूरची मैत्रीण फोन काढून म्हणाली, "परतीचं बघायचं ना रे?"

तिथे दिवस संपला. समुद्र समोर होता, पण सगळ्यांचं लक्ष घड्याळात. चारची धरावी की पाचची, चारला गर्दी कमी असेल का, पाचची चुकली तर काय, हेच बोलणं. शेवटी सगळ्या बेटाने पाचचीच धरायची ठरवलेली दिसली. मुख्य भूमीवरच्या हूझुमपर्यंत उभे होतो, माझ्या पायाशी कुणाचातरी ओला कुत्रा झोपलेला. मधे एका जागी गाडी पाऊण तास थांबली. दोष कुणाचा म्हणून सांगत नाही, तो मार्गच तसा आहे: बेटावर जायला रस्ता नाही, त्यामुळे लोकांच्या मोटारीसुद्धा बहुतेक रेल्वेवर लादूनच येतात, आणि बेटाआधीच्या निब्यूल स्टेशनाच्या पुढचे काही पट्टे अजून एकेरी आहेत. समोरून गाडी आली की आपण थांबायचं. कदाचित आमचं नशीबच खराब असेल. माझ्या वर्गातला एक जण दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा बसून आला म्हणतो.

वार्नेम्युंडेला हा घोरच नाही. हॅम्बुर्गहून रोस्टॉक अडीच तासांच्या आत-बाहेर, तिथून लोकल साधारण वीस मिनिटांत समुद्रावर सोडते. मुक्काम रोस्टॉक शहरात केला. हॉस्टेलच्या आठ जणांच्या खोलीत दोन रात्री काढल्या, खाणंपिणं धरून माणशी ऐंशी युरोंच्या आत भागलं. सिल्टला एका दिवसात तीस गेले होते, त्यात पोट भरलं नव्हतं ते वेगळं. आणि मुख्य म्हणजे एक लोकल चुकली तर पुढची येतेच. संध्याकाळी सात वाजता "अजून थोडं बसू" म्हणता आलं. परदेशात शिकताना ही चैन फार क्वचित मिळते.

वारा तिथेही असतो. आम्ही श्ट्रांडकोर्बच्या आडोशाला बसलो. श्ट्रांडकोर्ब म्हणजे वाळूवरची ती वेताची, छप्पर असलेली दुहेरी खुर्ची. ती मुळात इथलीच: १८८२ साली विल्हेल्म बार्टेलमान या रोस्टॉकच्या बुरुडाने संधिवात असलेल्या एका बाईंसाठी पहिली विणली. भाड्याने घ्यायला पैसे पडतात. कुलूप लावलेल्या खुर्चीच्या मागे बसायला पडत नाहीत. आल्टर श्ट्रोम या जुन्या कालव्याच्या काठाला बोटींवर माशाचे पाव मिळतात. पाव छातीशी धरून खा, माझा अर्धा बाकफिश (तळलेला मासा) एका सीगलने हातातून नेला. नागपूरकर शाकाहारी, त्याच्या बटाट्याच्या काड्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि शनिवारची रात्र. उत्तर जर्मनीत ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मोठ्ठी आग पेटवतात, ओस्टरफॉयर. नाताळची वाळलेली झाडंही त्यात जातात. वाळूवर ती पेटली आणि आम्हा चौघांच्या तोंडून एकदमच "होळी!" निघालं. बोंब मारायचा मोह झाला होता. शेजारच्या आजीबाईंकडे बघून आवरला. सिल्टलाही होळी आहे, बीके म्हणतात, पण ती २१ फेब्रुवारीला. त्या थंडीत तुम्ही जा, मला सांगा.

किराणा मात्र गुरुवारीच भरून ठेवा. गुड फ्रायडेला दुकानं बंद असतात (सार्वजनिक नाचालाही बंदी असते, इतकी शांतता). आम्ही तांदूळ, मसूर आणि घरून आलेला गोडा मसाला घेऊन गेलो होतो. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी शिजली, तेव्हा एका स्पॅनिश मुलाने दोनदा वाढून घेतली.

तरी गटात कुणी कोकणातलं असेल आणि खऱ्या लाटांसाठी जीव तुटत असेल, तर सिल्टला जाच. फक्त ईस्टरचा रविवार-सोमवार टाळा, पहाटेची गाडी धरा, पोळीभाजी बांधून न्या, आणि एकतर दोनलाच निघा, नाहीतर सरळ रात्रीच्या गाडीने या. पाचची धरू नका.