रोटॅक्स ९१२ च्या एक्झॉस्ट स्प्रिंगा: जवळपास वर्षभर वापरल्यावर

रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांच्या इंजिनात एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या) नळ्या मफलरला स्प्रिंगांनी धरलेल्या असतात. त्या स्प्रिंगांवर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. पण विमानासोबत आलेल्या जुन्या स्प्रिंगांचे हूक एकामागून एक तुटायला लागले, तेव्हा मी बाजारातला स्टेनलेस सेट मागवला. तो बसवून आता वर्ष होत आलं, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

विमान आम्हा चौघांत मिळून आहे, मेलबर्नच्या बाहेर एका गवताळ धावपट्टीवर असतं. इंजिन ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. इथे मनोरंजनासाठीच्या हलक्या विमानांची बरीच देखभाल मालकाला, परीक्षा दिलेली असेल तर, स्वतः करता येते. म्हणून हे काम माझ्याकडे.

चार सिलिंडरच्या चार नळ्या मफलरला मिळतात तिथे बॉल जॉइंट (थोडे फिरू शकणारे गोल सांधे) आहेत, आणि प्रत्येक जॉइंट दोन स्प्रिंगांनी ओढून धरलेला. म्हणजे आठ स्प्रिंगा. बोल्टने आवळून टाकलेलं नाही ते मुद्दामच: नळ्या तापून वाढतात, इंजिन थरथरतं, तेव्हा सांध्याला थोडं फिरता आलं पाहिजे. ५००० आरपीएमवर एक्झॉस्टचे सेकंदाला सुमारे १६७ धक्के बसतात. स्प्रिंग सहसा मधे तुटत नाही; हूक जिथे वाकवलेला असतो तिथे तुटते.

आता सेटबद्दल. ताण चांगला आहे आणि अजून टिकून आहे. काढून हातात घेतली की वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली दिसतात; मोकळ्या स्प्रिंगेत फट दिसली तर ती ताणली गेली, फेकून द्यायची. साधी पियानो वायर (स्प्रिंगांची नेहमीची पोलादी तार) सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपासच ढिली पडू लागते, ३०२ जातीचं स्टेनलेस अडीचशेच्या पुढेपर्यंत तग धरतं. नळीच्या शेजारी बसणाऱ्या तारेला हा फरक जाणवतो. गंज नाही. एका हूकवर, कडीशी घासून, बारीक खाच पडायला लागली होती. त्या जॉइंटच्या दोन्ही बदलल्या. एकच बदलली की नवी आणि जुनी वेगवेगळ्या ताणाने ओढतात आणि सांधा तिरका बसतो.

पण खरं सांगायचं तर वर्षभर काही तुटलं नाही याचं सगळं श्रेय मी या सेटला देणार नाही. नवा सेट चढवण्याआधी दोन्ही बिंग कार्ब्युरेटर (इंजिनाला इंधन-हवेचं मिश्रण देणारे भाग) व्हॅक्यूम गेज लावून जुळवले, म्हणजे दोघांचा पुरवठा सारखा केला. ते जुळलेले नसले की कमी आरपीएमवर इंजिन असं थडथडतं की काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरणसुद्धा हलताना दिसतं, आणि ती सगळी मारझोड शेवटी या आठ हूकांवर येते. आयडल (इंजिनाचा सर्वांत कमी वेग) १४०० आरपीएमच्या खाली येऊ देत नाही, तेही याच कारणासाठी. ज्यांच्या स्प्रिंगा सारख्या तुटतात त्यांनी आधी कार्ब्युरेटर तपासावेत, मग दुकान.

दुसरं बॉल जॉइंटचं. काजळी धरून सांधा जाम झाला की स्प्रिंग कितीही भारी असो, ताण नळीवर जातो आणि वेल्डजवळ चीर पडते. दर १०० तासांच्या तपासणीला मी जॉइंट उघडून पुसतो आणि जास्त तापमानाचं अँटी-सीझ (सांधा जाम होऊ न देणारा लेप) लावतो. हातभर काळं होतं ते होतंच.

बसवताना स्प्रिंग ओढायचा टी-मुठीचा हूक घ्याच. पक्कडीने ओढलं की तारेवर ओरखडा उठतो, आणि चीर तिथूनच सुरू होते. स्प्रिंगेच्या आतून सेफ्टी वायर (बारीक सुरक्षा तार) घालतो, पण सैल. ती भार पेलायला नाही, तुकडा पकडायला आहे. प्रोपेलर मागे असलेल्या विमानांत तर सुटलेला हूक थेट पात्यावर जातो. आमचा पुढे आहे, तरी गळका सांधा म्हणजे काउलिंगच्या आत भाजलेल्या वायरी आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड येण्याचा धोका. वेटोळ्यांच्या पाठीवर लाल, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची एक रेघ ओढली की त्यांची झणझण बरीच दबते. पूर्ण भरू नका, नाहीतर स्प्रिंग लांबायची कशी? ही रेघ मात्र काही महिन्यांत सुटते, पुन्हा द्यावी लागते.

नावडलेली गोष्ट एकच: पाकिटावर तारेची जात लिहिलेली नव्हती, दुकानदाराला ईमेल करून विचारावी लागली. आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये ९१२ इंजिनाची प्रमाणित विमानं आहेत, त्यांवर असा बाजारातला सेट चालणार नाही. मान्यताप्राप्त कागदपत्रांसह आलेला भाग आणि परवानाधारक अभियंत्याची सही लागते.