क्रिस्टल व्हायोलेट आणि त्याची भावंडं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

क्रिस्टल व्हायोलेट, मॅलेकाइट ग्रीन, बेसिक फुक्सिन आणि कुमासी ब्लू हे चारही प्रयोगशाळेत वापरले जाणारे ट्रायअरिलमिथेन गटातले रंग. मधल्या एका कार्बनला तीन बेंझिन वलयं जोडलेली, अशी सगळ्यांची घडण. वापराचा निष्कर्ष आधीच सांगतो: भुकटी क्वचितच दगा देते, दगा देतं ते द्रावण. आणि बहुतेक तक्रारींचं मूळ त्या मधल्या कार्बनापाशीच सापडतं.

क्रिस्टल व्हायोलेटपासून सुरुवात करू, कारण ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून दोन गटांत ओळखण्याच्या पद्धतीत) रोज लागणारा तोच. हकरची कृती चांगली टिकते: 2 ग्रॅम रंग 95 टक्के इथेनॉलच्या 20 मिलीमध्ये विरघळवा. 0.8 ग्रॅम अमोनियम ऑक्झलेट 80 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेगळं विरघळवा. मग दोन्ही एकत्र करून 24 तास ठेवा आणि गाळा. ही 24 तासांची वाट टाळू नका. घाईने वापरलेल्या द्रावणातले न विरघळलेले कण स्लाइडवर बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब जांभळ्या कोकायसारखे (गोल जिवाणूंसारखे) दिसतात. जुन्या बाटलीच्या तळाशीही असाच गाळ साचतो. त्यामुळे थेंब टाकण्याआधी गाळून घेणं बरं.

लेबलवरचा 'डाय कंटेंट', म्हणजे भुकटीतलं प्रत्यक्ष रंगाचं प्रमाण, वाचायची सवय लावून घ्या. कृती 90 टक्क्यांच्या रंगासाठी असेल आणि हातातली बाटली 80 टक्क्यांची असेल, तर 2 ऐवजी 2.25 ग्रॅम घ्यावा लागतो. रंग फिका येतो अशी ओरड झाली की पहिल्यांदा हेच तपासावं. बाटलीवर कलर इंडेक्स क्रमांक (रंग ओळखण्याचा ठरावीक क्रमांक) 42555 आहे ना, तेही बघावं, कारण मिथाइल व्हायोलेटचा 42535 आहे आणि नावांचा घोळ सर्रास होतो.

दुसरा शत्रू म्हणजे अल्कली. हायड्रॉक्साइड मधल्या कार्बनवर चिकटलं की रंगहीन कार्बिनॉल तयार होतं, आणि सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये जांभळा रंग काही मिनिटांत डोळ्यांदेखत विरतो. म्हणून साबणाचा अंश राहिलेल्या बाटलीत द्रावण भरू नका. तीव्र आम्लात उलटाच प्रकार: आधी हिरवट, मग पिवळा.

ग्रॅम स्टेन फसला की दोष रंगाला दिला जातो, पण बहुतेकदा चूक रंग उतरवण्यात असते. अ‍ॅसिटोन-अल्कोहोल थोडा जास्त वेळ राहिला की ग्रॅम पॉझिटिव्ह (जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या) पेशीही रंग सोडतात, आणि जाड स्मिअरमध्ये (स्लाइडवर पसरलेल्या नमुन्याच्या थरात) याच्या उलट होतं. आयोडीन फिकट पडलं असेल तर रंगाचं बंधन पक्कं होत नाही. जुन्या कल्चरमधल्या पेशीही रंग धरत नाहीत.

मॅलेकाइट ग्रीनबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. 5 टक्के जलीय द्रावण, वाफेवर 5 मिनिटं, मग फक्त पाण्याने धुणं. स्पोर (जिवाणूंची कठीण कवचाची सुप्त रूपं) हिरवे राहतात आणि सॅफ्रॅनिनने बाकी पेशी लाल होतात. सॅफ्रॅनिन मात्र या गटातला नव्हे, तो अझिन वर्गातला. वाफ चालू असताना स्लाइड कोरडी पडू देऊ नका. रंग भाजून चिकटला की निघत नाही.

बेसिक फुक्सिन हा गटातला सर्वांत लहरी. शिफ अभिकर्मकासाठी (अल्डिहाइड ओळखणाऱ्या द्रावणासाठी) 1 ग्रॅम रंग उकळत्या 200 मिली पाण्यात घालतात, 50 अंशांना 20 मिली 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, 25 अंशांपर्यंत थंड झाल्यावर 1 ग्रॅम मेटाबायसल्फाइट, मग रात्रभर अंधारात. नंतर सक्रिय कोळशाने गाळलं की द्रावण रंगहीन किंवा फिकट पिवळसर दिसायला हवं. इथे सल्फाइट त्याच मधल्या कार्बनवर बसून रंग घालवतं, म्हणजे जी दुबळी बाजू क्रिस्टल व्हायोलेटला नडते, तिचाच इथे उपयोग होतो. झाकण सैल राहिलं की सल्फर डायऑक्साइड उडून जातो आणि द्रावण गुलाबी होतं. ते टाकून द्या. चाचणी सोपी आहे: फॉर्मालिनमध्ये (फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात) काही थेंब टाका. लगेच लालसर जांभळं झालं तर ठीक, हळूहळू निळसर झालं तर संपलं. अ‍ॅसिड फुक्सिन घेऊ नका, तो सल्फोनेट केलेला रंग आहे आणि या कामाला येत नाही.

कुमासीच्या बाबतीत आर-250 हा प्रकार प्रथिनांच्या जेलसाठी आणि जी-250 ब्रॅडफर्डसाठी (प्रथिनांचं प्रमाण मोजण्याच्या चाचणीसाठी), एवढं पक्कं लक्षात ठेवावं. ब्रॅडफर्डमध्ये वाचन 595 नॅनोमीटरला घेतात. नमुन्यात एसडीएससारखा डिटर्जंट असेल तर आकडा फसवा येतो. क्वार्ट्झ क्युवेटला (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक पात्राला) निळसर थर बसतो, त्यासाठी एकदाच वापरायची प्लास्टिकची क्युवेट उत्तम.

स्वच्छतेबद्दल नाराजी आहे. भुकटीचा अदृश्य कण ओट्यावर पडतो आणि ओलं फडकं फिरताच जांभळी रेघ उमटते. म्हणून वजन करताना कागद पसरा, नायट्राइल हातमोजे आणि मास्क वापरा, सांडलं तर अल्कोहोलने ओलावलेल्या कागदाने टिपा. ब्लीचने डाग जातो, पण आम्लयुक्त रंगावर ब्लीच ओतलं की क्लोरीन सुटतो. झील-नील्सन (क्षयाचे जिवाणू रंगवण्याच्या) पद्धतीतला हायड्रोक्लोरिक आम्लाचा उरलेला भाग किंवा कुमासीचं अ‍ॅसिटिक आम्ल असलेलं पाणी ब्लीचच्या बादलीत नको.

याच गटातल्या रंगांचा बॉलपेनच्या शाईत आणि कॉपी पेपरात वापर होतो, कारण थोड्या रंगात भडक छटा मिळते. उजेडात मात्र ती टिकत नाही. रंगवलेल्या स्लाइड खिडकीपाशी ठेवल्या तर फिक्या पडतात, तेव्हा त्या बंद पेटीतच असाव्यात.