कॉम्बिनेशन गन की साधी दुनळी? कोकणातल्या बागायतदारासाठी

शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, जुनी ठासणीची बंदूक आता काढून टाकायची आहे, आणि नेमकी कुणाकडे तरी आजोबांच्या काळातली जर्मन बंदूक विकायला निघाली आहे: एक नळी छर्ऱ्याची, दुसरी रायफलची, म्हणजेच कॉम्बिनेशन गन. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, त्यामुळे ‘एकीत दोन’ हा हिशेब मोहात पाडतो.

माझं मत आधीच सांगतो. राजापूरपासून दोडामार्गापर्यंत कुठेही राखण करायची असेल, तर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) साधी दुनळी घ्या, दोन्ही नळ्या छर्ऱ्याच्या. कॉम्बिनेशन गनमध्ये खोट नाही, पण तिच्यासाठी आपल्याकडे कामच उरलेलं नाही.

जर्मनी-ऑस्ट्रियात हंगामात रानात गेलेल्या शिकाऱ्यासमोर एकाच फेरीत ससा, फेझंट (रानकोंबड्यासारखा पक्षी), रो हरीण, डुक्कर असं काहीही येऊ शकतं, आणि ते मारणं तिथे कायदेशीर असतं. ससा-पाखराला छर्रा, हरणाला गोळी. या गरजेतून जर्मनीतल्या झूल आणि ऑस्ट्रियातल्या फेर्लाखच्या कारागिरांनी कॉम्बिनेशन गनचाच प्रकार असलेली तीन नळ्यांची ‘ड्रिलिंग’ घडवली; बहुधा वर छर्ऱ्याच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने आपल्या काही वैमानिकांना अशाच बंदुका दिल्या होत्या. रशियन अंतराळवीरांच्या यानात तर तीन नळ्यांचं पिस्तूल असायचं, यान भलत्याच अरण्यात उतरलं तर उपयोगी पडावं म्हणून. थोडक्यात, पुढे काय येईल ते माहीत नसलेल्या माणसाचं हे हत्यार.

आपल्याला मात्र पुढे काय येणार ते पक्कं माहीत असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता शिकार बंद आहे. ससा, रानकोंबडा, भेकर सगळे बाद. नुकसान करणारं रानडुक्कर मारायचं तरी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, हे गावात अजून पुष्कळांना पटत नाही. म्हणजे बंदुकीला कामं दोनच: बार काढून माकडं-डुकरं पिटाळणं, आणि परवानगी असेल तर जवळून डुक्कर टिपणं.

हे ‘जवळून’ महत्त्वाचं. भाताचे कोपरे, पोफळीची बाग, काजूची उतरण, करवंदीच्या जाळ्या. तीस-चाळीस मीटरपलीकडचं नीट दिसतं तरी कुठे? तेवढ्या अंतरात बारा बोअरचं एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस पुरतं. दुनळीच्या एका नळीत बारीक छर्रा, दुसरीत एलजी भरली की तुमची कॉम्बिनेशन झालीच, आणि दोन चाप असल्याने हवी ती नळी क्षणात उडवता येते. बऱ्याच ड्रिलिंगमध्ये रायफलच्या नळीसाठी आधी एक कळ सरकवावी लागते. तिन्हीसांजेला, समोर डुक्कर असताना, कळ कुठल्या बाजूला आहे ते आठवत बसणं मला तरी नको.

अमेरिकन सॅव्हेज २४ सारखी, .२२ ची रायफल-नळी आणि .४१० ची छर्ऱ्याची नळी अशी हलकी जोडी हाताळायला गोड असते. डुकरासाठी दोन्ही नळ्या अपुऱ्या. जखमी डुक्कर जाळीत शिरलं की पुढचं काय ते सांगायला नको. उलट मोठ्या रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरच्या किलोमीटर जाते. इथे वाडीला वाडी लागलेली, शिवाय जांभ्यावर आपटून ती कुठे वळेल याचा नेम नाही. उघड्या सड्यावर, मागे डोंगराची भिंत असेल, तिथे रायफलचा विचार करा. पण मग इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल सरळ वेगळी घ्या.

कारागिरीत मात्र जुन्या जर्मन बंदुकीला तोड नाही. दोन वेगळ्या जातीच्या नळ्या डाख लावून जोडायच्या आणि दोघींचा मार एका जागी आणायचा, हे हाताचं काम आहे. रायफलची नळी तापली की ती जोडीदारणीला रेटते आणि गोळी सरकते. पहिली गोळी बरोबर बसते, चौथीचा भरवसा नाही. शिकाऱ्याला पहिलीच पुरते, म्हणून तिकडे हे चालतं. स्वस्तातल्या बंदुकांत पहिलीचीही खात्री नसते.

काडतुसांचा प्रश्न त्याहून बिकट. बारा बोअर आणि .३१५ ची काडतुसं खडकीच्या कारखान्याची मिळतात. जुन्या ड्रिलिंग बहुधा सोळा बोअरच्या, रायफलचा बोअर ९.३ मिलिमीटर वगैरे. ते शोधताना जन्म जाईल.

आणि आपला पाऊस! नळ्यांमधल्या पट्टीखाली दमट खारी हवा शिरली की गंज आतून धरतो, बाहेरून पत्ता लागत नाही. त्यात निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते. तिथे तिला तेल कोण लावणार? दुनळीलाही गंज चढतो, पण ती साफ करून देणारा माणूस सापडतो. ड्रिलिंगची कळ उघडणारा सापडला तर आधी त्याचं जुनं काम बघून घ्या.

तरीही घ्यायचीच असेल, तर परवान्यावर दोन्ही बोअर नोंदता येतील का ते आधी विचारा. मग बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सुट्या करा, दोरीने टांगा आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर डाख शाबूत. बद्द आवाज आला तर भाव करत बसू नका.