घरगुती रक्तदाब यंत्र : दोन ज्येष्ठांच्या घरातील काही महिन्यांचा अनुभव

कोथरूडमधील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. सासरे ऐंशी ओलांडलेले, सासूबाई त्यांच्याहून थोड्या लहान आणि दोघांनाही रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून दवाखान्यात नेणे-आणणे जिकिरीचे होऊ लागले, तेव्हा दंडाला पट्टा बांधून मोजणारे, सेलवर चालणारे यंत्र घेतले. मनगटावरचे यंत्र सुटसुटीत दिसते. परंतु मनगट हृदयाच्या पातळीवर स्थिर धरले नाही तर त्याचा आकडा बदलतो आणि सासऱ्यांचा हात थोडा थरथरतो, म्हणून तो पर्याय पहिल्यांदाच बाजूला ठेवला.

दुकानात पडद्याची आणि वॉरंटीची चौकशी सगळेच करतात, दंड मात्र कोणी मोजत नाही. आमच्या यंत्रासोबत 22 ते 32 सेंटिमीटर घेराचा पट्टा होता. शिंप्याच्या टेपने मोजला तर सासूबाईंचा दंड 34 सेंटिमीटर भरला. पट्टा लहान पडला की रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि तो फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. त्यांच्यासाठी 22 ते 42 सेंटिमीटरचा मोठा पट्टा वेगळा मागवला. नंतर फॅमिली डॉक्टरांनी दोघांचेही आकडे स्वतःच्या यंत्राशी ताडून पाहिले. चार-पाच अंकांचा फरक होता, तो चालण्यासारखा आहे असे ते म्हणाले.

मोजण्याची शिस्त बसायला यंत्र शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घेण्यापूर्वी, पाच मिनिटे स्वस्थ बसायचे. पाठीला आधार, तळपाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. दिवाणावर मांडी घालून बसण्याची सासूबाईंची सवय मोडून त्यांना खुर्चीवर आणावे लागले. सासऱ्यांना पट्टा फुगू लागला की नेमके काहीतरी आठवते. “अगं, दूधवाल्याचे पैसे दिलेस का?” एवढे विचारल्यानेही वरचा आकडा चढतो, हे त्यांना दोनदा करून दाखवले, तेव्हा कुठे पटले. एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, तशाच संध्याकाळी दोन. डॉक्टरांकडे जाण्याआधी सलग सात दिवस असे करून पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढायची. घरी घेतलेल्या सरासरीसाठी 135/85 ही मर्यादा धरतात, दवाखान्यातील 140/90 नव्हे, हेही याच काळात समजले.

यंत्राचे पैसे वसूल झाले ते मात्र उभ्याने घेतलेल्या नोंदींमुळे. सासऱ्यांना सकाळी पलंगावरून उठताना भोवळ आल्यासारखे होई. दवाखान्यात, जिने उतरून आणि रिक्षाचे धक्के खाऊन पोहोचल्यावर, त्यांचा रक्तदाब नेहमी चढलेलाच असे, आणि त्यावरून गोळी वाढवण्याचा विचार चालला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही आधी बसून आणि मग उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजले. मोजताना मी त्यांचा हात खालून आधार देऊन छातीच्या पातळीवर धरत असे आणि मागे खुर्ची ठेवलेली असे. बसून 138 असलेला वरचा आकडा उभे राहिल्यावर 112 वर आला. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो उठताना रक्तदाब घसरण्याचा प्रकार मानला जातो आणि उतारवयात पडण्याचे ते एक ठळक कारण आहे. सासऱ्यांना प्रोस्टेटची गोळीही आहे. त्या वर्गातील काही औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात आणि ही घसरण वाढते. वही पाहिल्यावर डॉक्टरांनी गोळी वाढवण्याऐवजी एकीची मात्रा कमी केली व दुसरीची वेळ बदलली. आता ते उठल्यावर थोडा वेळ पलंगाच्या कडेला पाय सोडून बसतात. भोवळ पूर्ण गेली नसली तरी क्वचितच येते.

जेवणानंतरही वृद्धांचा रक्तदाब उतरू शकतो, कारण रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडे वाढतो आणि ती भरपाई करण्याची शरीराची क्षमता वयानुसार मंदावते. भरपेट जेवल्यावर लगेच उठून जिना उतरण्यापेक्षा दुपारी एक ते चार ही पुण्याची जगजाहीर विश्रांती त्या दोघांना तरी मानवते.

आता तक्रारी. पडद्यामागे दिवा नसल्याने पहाटे आकडे दिसत नाहीत. यंत्र बोलते, पण हिंदीत आणि इंग्रजीत; मराठीची सोय का नाही, हे त्या कंपनीलाच ठाऊक. दोन व्यक्तींच्या नोंदी वेगळ्या ठेवण्याचे बटण आहे, पण ते दाबायचे राहिले की दोघांचे आकडे मिसळतात, म्हणून आम्ही चौकोनी रेघांची वही घातली. डॉक्टरांनाही मोबाइलवर बोट फिरवत बसण्यापेक्षा वहीचे पान पाहणे सोपे जाते, त्यामुळे मोबाइलला जोडणाऱ्या महागड्या मॉडेलची उणीव भासली नाही.

आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. हे यंत्र आवाज ऐकत नाही. पट्टा सैल होत असताना धमनीच्या ठोक्यांनी त्यात उमटणारी स्पंदने टिपून ते हिशेबाने दोन्ही आकडे काढते. त्यामुळे नाडी अनियमित असेल तर आकड्यांवर तितका भरवसा ठेवता येत नाही. पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसू लागली, तर घरी पुन्हा पुन्हा मोजत न बसता ईसीजी काढून घ्यावा.

पुन्हा पुन्हा मोजण्याचा मोह सासूबाईंना फार होता. आकडा थोडा जास्त आला की त्या काळजीने परत पट्टा बांधत आणि काळजीनेच तो आणखी वर जाई. शेवटी यंत्र कपाटात आणि वेळापत्रक कपाटाच्या दारावर, अशी व्यवस्था केली. मोठ्या पट्ट्याचे वेल्क्रो आता सुटू लागले आहे. आमच्या वॉरंटीत पट्टा येत नाही, तेव्हा घेतानाच तो सुटा मिळतो का आणि केवढ्याला, हे दुकानदाराला विचारून ठेवावे.